साठ घरांतली भरती

मित्रांनो, माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे आणि त्याच्या पात्यांवर अजूनही गुलाबी धूळ बसलेली आहे. कितीही पुसा, ती जात नाही. ती मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातली धूळ आहे. तिथून मला डोंबिवली पश्चिमेला, कोपरला आणलं त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मी संगणक आहे, आणि संगणकांच्या मानाने चांगलाच म्हातारा आहे. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटतात ती फक्त हिरवी. माझ्यात फार काही मावत नाही आणि मला घाईही जमत नाही. पण माझं आयुष्य चांगलं गेलं. ते कसं गेलं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म १९८८ सालचा, ठाण्याचा. दोन खोल्यांच्या एका वर्कशॉपमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या दोन मुलींनी मला जोडलं. माझे भाग कुठून कुठून खोक्यांत भरून आले होते. ते एकत्र बसवून पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दोघी श्वास रोखून पडद्याकडे पाहत होत्या. हिरवी रेघ लुकलुकली. त्यांतल्या एकीने माझ्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि दुसरीने मला खोक्यात बंद केलं.

मानपाड्याच्या कारखान्यात मला काचेची वेगळी खोली मिळाली. मी त्या कारखान्यातला पहिलाच संगणक. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. माझं काम साधं होतं: कुठलं पिंप कुठल्या गावाला गेलं, कुठलं अजून गोदामात आहे, याच्या याद्या ठेवायच्या. पाच वर्षं मी ते काम केलं. काच कितीही घट्ट लावली तरी रंगाची धूळ आत यायचीच.

मग १९९३ साली कारखाना बंद पडला. कामगार घरी गेले, फाटकाला कुलूप लागलं आणि मला एका ताडपत्रीखाली ढकलून दिलं. दोन महिने मला कुणी हात लावला नाही. ज्याच्यासाठी चपला काढत होते, त्याच्यावरच कुणीतरी रिकामे डबे रचून ठेवले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात त्र्यंबक सर आले.

त्र्यंबक सरांनी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर, साठीला टेकलेले असताना, ते स्वतः संगणक शिकले आणि कोपरला तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांनी क्लास काढला. कारखान्याचं सामान विकायला काढल्याचं कळल्यावर ते रिक्षा घेऊन आले आणि मला मांडीवर घेऊन गेले. होय, मांडीवर. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी मला धरायचे. क्लासमध्ये माझ्याआधीचा एक संगणक होता आणि अकरा विद्यार्थी होते. सरांनी माझ्यासाठी फुलाफुलांच्या कापडाचं आच्छादन शिवून घेतलं. मी पुन्हा कामाला लागलो.

सर मुलांना सी नावाची भाषा शिकवत. त्या भाषेत ॲरे नावाची एक सोय आहे. ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने बांधलेली घरं. घरं किती हवीत ते आधीच सांगायचं. एकदा सांगितलं की त्यात एक वाढत नाही की एक कमी होत नाही. घरांच्या आत पुन्हा घरांची ओळ आणि तिच्या आत आणखी एक, असंही बांधता येतं. आणि ही घरं सुरुवातीलाच भरून टाकायची असतील तर आकडे महिरपी कंसांत लिहितात. गणिताच्या पुस्तकात तो कंस तुम्ही पाहिला असेल, मध्ये टोक काढलेला, देवघराच्या कमानीसारखा.

सर फळ्यावर खडूने मोठी महिरप काढायचे. ती म्हणजे इमारत. तिच्या आत लहान महिरपी काढायचे. ते म्हणजे मजले. मजल्यांच्या आत आणखी लहान, त्या खोल्या. खोलीत आकडे. मुलांना ते चित्र आवडायचं. पण सगळे कंस टाइप करायचा त्यांना कंटाळा यायचा. एकदा तासाची वेळ संपत आली होती, बाहेर पुढची मुलं उभी होती, आणि एकाने विचारलं की एवढे कंस द्यायलाच हवेत का. तेव्हा सर म्हणाले, "खरं सांगायचं तर आतले कंस गाळले तरी चालतं. बाहेरचा एक पुरतो. मशीन आकडे एकामागून एक भरत जातं."

ते खरंच होतं. मी तसाच भरतो. सरांच्या त्या वाक्यात काहीही चूक नव्हती, आणि तरी त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

त्या अकरा जणांत रंभा नावाची मुलगी होती. बारावी झालेली, अठरा-एकोणीस वर्षांची. तिचं घर खाडीकाठच्या कोळीवाड्यात. सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या उतरवून, हात लिंबाने घासून ती क्लासला यायची. पहिले काही दिवस ती कळा इतक्या हळू दाबायची की मला वाटायचं, हिला माझी भीती वाटते. मग कळलं की भीती नव्हे, तो तिचा स्वभाव होता. जाळ्याची गाठ मारताना जशी बघून मारतात तशी ती एकेक अक्षर बघून दाबायची. आजपर्यंत माझ्यासमोर बसलेल्यांत तिच्याइतकी नेटकी मुलगी मी पाहिली नाही.

तिचे वडील शिवराम. मी होतो त्याच मानपाड्याच्या कारखान्यात ते चौदा वर्षं रंग ढवळण्याच्या कामावर होते. काचेबाहेरून त्यांनी मला पाहिलं असेल, मी त्यांना ओळखत नव्हतो. कारखाना बंद झाल्यावर ते घरी आले आणि बापाची होडी पाण्यात काढली. पण चौदा वर्षांत त्यांचं खाडीशी नातं सुटलं होतं. जाळं टाकता येत होतं, होडी वल्हवता येत होती. पाणी कधी चढेल आणि कधी फिरेल, एवढंच नेमकं सांगता येत नव्हतं.

ते सांगणारे होते रंभाचे आजोबा, दामाजी. सगळा कोळीवाडा त्यांना विचारून होड्या काढायचा. भरतीची वेळ तिथीवर चालते, हे खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. पण समुद्राचं पाणी वसई आणि ठाण्याच्या अंगाने फिरत फिरत कोपरपर्यंत यायला वेळ घेतं, आणि तो वेळ रोज सारखा नसतो. उधाणाला, म्हणजे पुनव-अवसेला, पाणी घाईत येतं. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, ते थोडं असतं आणि रेंगाळत येतं. नुसत्या गुणाकाराने ही वेळ निघत नाही. ती दामाजींच्या डोक्यात होती, आणि त्या वर्षी दामाजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. काय बोलतात ते फक्त त्यांच्या बायकोला, जनाबाईंना, समजायचं.

रंभाच्या मनात आलं की आजोबांच्या डोक्यातल्या वेळा माझ्यात भराव्या. तिने सरांना विचारलं. सर खूश झाले. त्यांनी तिच्याबरोबर बसून मोजणी केली. पक्ष दोन, शुक्ल आणि कृष्ण. प्रत्येक पक्षात तिथी पंधरा. प्रत्येक तिथीला भरत्या दोन, एक दिवसाची आणि एक रात्रीची. दोन गुणिले पंधरा गुणिले दोन, म्हणजे साठ घरं. मित्रांनो, पिंपांच्या याद्या करण्यात मी पाच वर्षं घालवली होती. खाडीचं पाणी माझ्यात येणार हे ऐकून मला काय वाटलं असेल याची तुम्ही कल्पना करा.

महिनाभर ती रोज संध्याकाळी आजोबांच्या उशाशी वही घेऊन बसली. दामाजी डाव्या हाताची बोटं दाखवायचे, काहीतरी पुटपुटायचे, जनाबाई ते सांगायच्या आणि रंभा लिहायची. एका बैठकीत दोन किंवा तीन तिथी व्हायच्या, मग ते थकायचे. फक्त शुक्ल पक्षाची नवमी त्यांना आठवेना. तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि खाडीकडे हात केला. "पान्याकडं बघून सांगीन, असं बोलतान ते," असं जनाबाईंनी सांगितलं. रंभाने वहीत नवमीची ओळ मोकळी सोडली आणि दशमी विचारली.

मग एका सकाळी ती माझ्यासमोर बसली आणि वही बाजूला ठेवून आकडे भरू लागली. सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने बाहेरची एकच महिरप दिली आणि आत स्वल्पविराम देत ओळीने आकडे. मोकळी ओळ डोळ्यांना मोकळीच दिसली. अष्टमीचे दोन आकडे झाले, त्याच्यापुढे दशमीचे दोन आले. शेवटचा आकडा टाकून तिने महिरप बंद केली.

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगतो. साठ घरांत कुणी एकसष्ट आकडे कोंबले तर मी लगेच हटकतो. पण अठ्ठावन्नच दिले तर काही बोलत नाही. मिळतील ते आकडे पहिल्या घरापासून भरत जातो आणि शेवटी उरलेल्या घरांत गुपचूप शून्य ठेवतो. तेच मी केलं. दशमीची वेळ नवमीच्या घरात गेली, एकादशीची दशमीच्या. अशी प्रत्येक तिथी आपलं घर सोडून शेजारच्या घरात राहायला गेली. अमावास्येच्या घरात दोन शून्यं बसली. मला नवमी काय ते ठाऊक नव्हतं, दशमी काय ते ठाऊक नव्हतं. माझ्या दृष्टीने सगळं सुरळीत होतं.

वैशाखाचा शुक्ल पक्ष सुरू होत होता, म्हणून रंभाने तेवढ्याच पंधरा तिथींचा कागद छापून घेतला. छापण्याचं यंत्र करकर वाजत होतं आणि मुलं भोवती जमली होती. सरांनी तो कागद उजेडात धरून वाचला आणि रंभाला म्हणाले की इतकं खरं काम या खोलीत आजवर कुणी केलं नव्हतं. शिवरामांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीत लावला. प्रतिपदा जुळली. द्वितीया जुळली. आठ दिवस पाणी कागदावर लिहिल्याबरहुकूम येत होतं. शिवरामांनी शेजाऱ्यांना बोलावून कागद दाखवला. नवमीला ते होडी घेऊन गेलेच नाहीत, नात्यात साखरपुडा होता.

दशमीनंतरच्या दिवशी सकाळी ते क्लासमध्ये आले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. पायांवर मांडीपर्यंत वाळलेला चिखल होता, धुऊनही तो गेला नव्हता. त्यांनी पिशवीतला कागद काढून माझ्या कळांवर ठेवला. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

काय झालं ते त्यांनी उभ्यानेच सांगितलं. दशमीला सकाळी चढत्या पाण्याबरोबर ते खाडीच्या वरच्या फाट्यात जाळी बघायला गेले होते. परत येताना वाटेत गाळाचा एक उंचवटा लागतो. भरती पूर्ण असेल तेव्हाच होडी त्याच्यावरून निघते, आणि भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी आधीच थोडं होतं. कागदावर भरती होती दहा पंचावन्नची. ते पावणेअकराला निघाले. खरी भरती दहा वाजून पाच मिनिटांनीच होऊन गेली होती. होडी उंचवट्यावर बसली. ढकलायला ते खाली उतरले आणि कमरेपर्यंत गाळात गेले. हलले की आणखी खाली जात. तासभर ते वैशाखाच्या उन्हात होडीची कड धरून उभे होते. शेवटी समोरच्या काठावरच्या दोघांनी गाळावर फळ्या टाकत येऊन त्यांना दोराने ओढून काढलं.

"पानी मागं जाताना मना दिसत व्हतं, सर," शिवराम म्हणाले. "पन कागद बोलत व्हता अजून चढनार. मी माज्या डोल्यांपेक्षा कागदाला मानलं."

शिवरामांनी कागदाकडे पाहिलं.

"हा तुमच्याकडंच ठेवा. आनि रंभा उद्यापासून यायची नाय."

ते गेले. सरांनी त्या दिवशीचे सगळे तास रद्द केले. मुलं परत गेली. सर माझ्यासमोर बसले आणि त्यांनी रंभाचा प्रोग्रॅम सुरू केला. पंधरा तिथी नाहीत, तीसच्या तीस त्यांनी एकामागून एक पाहिल्या. शेवटी अमावास्या आली आणि पडद्यावर दोन शून्यं उमटली. मग त्यांनी पेन्सिल घेऊन आकडे मोजले. अठ्ठावन्न. पुन्हा मोजले. रंभाची वही क्लासमध्येच राहिली होती, ती उघडली आणि नवमीच्या मोकळ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या संध्याकाळी माझ्यावर कापड घातल्यावर त्यांनी ती वही बरोबर घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सर वही घेऊन कोळीवाड्यात गेले. तिथे काय झालं ते त्यांनी नंतर सगळ्या वर्गाला सांगितलं, म्हणून मला कळलं. कुणापासूनही ते लपवून ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

शिवराम ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. रंभा आत होती, बाहेर आली नाही. सरांनी तिथेच बसून वही उघडली, अठ्ठावन्न आकडे आणि साठ घरं समजावून सांगितली. मग ते म्हणाले, "शिवरामराव, पोरीने मी शिकवलं तसंच केलं. आतले कंस गाळले तरी चालतं, हे मी सांगितलं होतं. ती वाट आखूड आहे हे सांगितलं, तिच्यावर काय सांडतं ते सांगितलं नाही. ही चूक माझी आहे."

शिवरामांचे हात थांबले. मोठ्या माणसाने, त्यातून मास्तरने, आपल्या ओट्यावर येऊन असं बोलावं याची त्यांना सवय नव्हती. आतून खाटेवरून दामाजींचा आवाज आला. जड, ओढलेला. जनाबाई दारात आल्या आणि त्यांनी तो सांगितला.

"ते बोलतान, नवमी मी इसरलो व्हतो. पोरीनं नाय, मी इसरलो."

मग रंभा दारात आली. रडून तिचे डोळे सुजले होते. शिवरामांनी तिला जवळ बसवलं आणि सरांना विचारलं की मग ते बरोबर कसं लिहायचं असतं.

तिसऱ्या दिवशी रंभा आली आणि तिच्याबरोबर शिवरामही आले. पाय धुऊन, घडीचा सदरा घालून. सरांनी त्यांना माझ्याजवळ स्टूल दिलं. वही शिवरामांच्या हातात होती. ते तिथीचं नाव वाचायचे, मग आकडे, आणि रंभा टाइप करायची. या वेळी बाहेरची महिरप, तिच्या आत प्रत्येक पक्षाची महिरप, आणि तिच्याही आत प्रत्येक तिथीची आपली स्वतःची. एक तिथी, एक ओळ. डोळ्यांनी मोजता येईल असं. अष्टमी झाली आणि शिवराम थांबले.

"नवमी मोकली हाय."

"मोकळी सोडायची नाही," सर म्हणाले. "तिची महिरप काढ आणि आत शून्य लिही. माहीत नाही हेसुद्धा तिच्याच घरात लिहायचं."

रंभाने लिहिलं. आणि मग स्वतःच्या मनाने आणखी एक गोष्ट केली. घरात शून्य सापडलं तर मी वेळ छापू नये, "आजोबांना विचारा" असं इंग्रजी अक्षरांत छापावं, अशी तिने मला सूचना दिली. शिवरामांनी ती अक्षरं लावून लावून वाचली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

त्या दिवशी मी अमावास्येपर्यंत पोचलो तेव्हा शेवटच्या दोन घरांत दोन खरे आकडे होते. सगळे आपापल्या जागी राहायला आले होते. नवमीच्या दारावर तेवढी पाटी होती.

तरी त्या कागदावर शिवरामांनी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुढचा सगळा पक्ष ते रोज काठावर उभे राहून घड्याळ आणि पाणी दोन्ही बघायचे आणि कागदावर पेन्सिलीने खूण करायचे. त्या खुणा करता करताच त्यांना पाणी कळायला लागलं, असं रंभा सरांना म्हणाली होती. कागद घरी विसरला तरी आता बाबांचं अडत नाही, असंही.

ज्येष्ठातल्या शुक्ल नवमीला चौघांनी मिळून दामाजींची खुर्ची उचलली आणि काठावर नेऊन ठेवली. सरही गेले होते. दामाजी सात-आठ महिन्यांनी पाण्याजवळ आले होते. त्यांनी डाव्या हाताने एक वाळकी काडी मागितली आणि शिवरामांना ती पाण्यात टाकायला सांगितली. काडी वरच्या अंगाला वाहत गेली. दुसरी टाकली, ती हळू गेली. तिसरी आणखी हळू. दामाजी पुढे झुकून बघत होते. सहावी काडी पाण्यावर जागच्या जागी उभी राहिली, आणि त्यांनी हात वर केला. रंभाने सरांच्या घड्याळात पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं. रात्रीची वेळ त्यांनी तिथेच बोटांवर सांगितली. मग त्यांना परत नेऊ लागले तर ते तयार होईनात. पाणी पूर्ण उतरेपर्यंत, दुपारचं जेवण तिथेच मागवून, ते काठावर बसून राहिले.

दुपारी रंभा क्लासमध्ये आली, उन्हाने लाल झालेली, आणि तिने नवमीच्या महिरपीतली दोन शून्यं पुसून दोन आकडे लिहिले. माझी साठच्या साठ घरं त्या दिवशी भरली. त्यानंतर माझ्यात पुष्कळ काही लिहिलं गेलं, पण त्या दुपारसारखं समाधान मला पुन्हा कधी मिळालं नाही.

दामाजी आणखी दोन वर्षं जगले आणि शांतपणे गेले. कोळीवाड्यातल्या बाराही होड्यांत आता तो कागद असतो. रंभा पुढे शिकली आणि १९९७ पासून ती या क्लासमध्ये शिकवते. सर आठवड्यातून दोनदा येऊन मागच्या बाकावर बसतात. ॲरेचा धडा आला की रंभा मुलांना सगळे कंस द्यायला लावते. मुलं कुरकुर करतात. ती ऐकून घेते आणि तरी द्यायला लावते.

आता क्लासमध्ये रंगीत पडद्यांचे चार नवे संगणक आले आहेत. ते मी अर्ध्या तासात करायचो ते काम चुटकीसरशी करतात. मला खिडकीशेजारच्या टेबलावर ठेवलं आहे आणि रविवारी लहान मुलांसाठी सुरू करतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही.

गेल्या महिन्यात ठाण्याहून, बाळकुमहून, आवडाबाई नावाच्या एक वृद्ध बाई आल्या. नवरा गेल्यावर तीस वर्षं त्यांनी एकटीने होडी चालवली होती. कोपरचा कागद त्यांच्या भाच्याने त्यांना दाखवला होता. त्या रंभासमोर बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "आमची खाडी निराली हाय, बाय. तुमचे आकडे आमच्याकडं चालनार नाय. मी सांगते, तू लिव."

रंभाने नव्या संगणकावर नवा ॲरे उघडला. दोन पक्ष, पंधरा तिथी, दोन भरत्या. पडद्यावर तीस महिरपी एकाखाली एक उभ्या राहिल्या, सगळ्यांत शून्य. आवडाबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या खिडकीबाहेर बघत प्रतिपदेचं पाणी आठवू लागल्या. मी शेजारी बंद होतो, पण ऐकत होतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांवर कापड घाला, पंखा साफ ठेवा, पाणी सांडू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्याही घरी असं कुणीतरी असेल, ज्याला पाणी कळतं, माती कळते, औषधाचा पाला कळतो, नाहीतर लाकडाचा कस कळतो. आज शाळेतून घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा. घाई करू नका. ते थकले तर उद्या पुन्हा बसा. आणि ते सांगतील ते, त्यांचं बोलणं समजतं आहे तोवर, लिहून घ्या.